ब्रिस्केटचा मुहूर्त

टेक्सासला निघालेल्या मराठी माणसाला नातेवाईक दोन गोष्टी न मागता देतात : तिथल्या मुलाला पोचवायची किलोभर भाजणी आणि तिथला बार्बेक्यू कुठे खायचा याची यादी. भाजणीचं काय ते विमानतळावरचे अधिकारी बघून घेतात. यादी मात्र सुखरूप पोचते, आणि गंमत म्हणजे ती प्रत्येकाकडे सारखीच असते. ऑस्टिनमधलं फ्रँकलिन, लॉकहार्टमधली तीन दुकानं, टेलरमधलं लुई म्यूलर, लेक्सिंग्टनमधलं स्नोज. देणारा मात्र ती स्वतः खणून काढल्याच्या थाटात, आवाज उतरवून सांगतो. ‘टेक्सास मंथली’ हे तिथलं मासिक दर चार-पाच वर्षांनी राज्यातले पन्नास उत्तम बार्बेक्यूवाले निवडतं, आणि बाकीच्या जगाच्या याद्या म्हणजे त्याच यादीच्या लेकीसुना. या मासिकाने २०१३ मध्ये केवळ बार्बेक्यू या विषयासाठी पूर्ण वेळ संपादक नेमला. जिथे एकच माणूस अग्रलेख लिहितो, राशिभविष्य तपासतो आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातीही गोळा करतो, तिथल्या वाचकाला ही चैन वाटेल. २०२४ मध्ये मिशेलिननेही टेक्सासची पहिल्यांदा दखल घेतली आणि चार बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा दिला. थोडक्यात, कुठे खावं यावर जाणत्यांचं डोकं चालवून झालेलं आहे. तरीही अचूक पत्त्यावर जाऊन माणसं वाईट जेवतात, आणि परत येऊन ‘उगाच नाव करून ठेवलंय’ असं म्हणतात. कारण त्यांनी ‘कुठे’ विचारलेलं असतं, ‘किती वाजता’ हे विचारलेलं नसतं. स्थळ उत्तम, मुहूर्त टळलेला.

हे पटायला तिथे शिजतं काय आणि कसं, ते आधी पाहावं लागेल. मध्य टेक्सासचा मानकरी पदार्थ म्हणजे ब्रिस्केट, गुरांच्या छातीचा पाच-सहा किलोंचा तुकडा. गुरांना हासळीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या शरीराचा मोठा भार हे स्नायू उभ्या जन्मात वाहतात. घाईने भाजला तर हा तुकडा दातांना दाद देत नाही. म्हणून विस्तव एका टोकाला, मांस लांब दुसऱ्या टोकाला, आणि मधून वाहतो तो पोस्ट ओक या लाकडाचा गरम धूर, साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसचा. असं दहा-दहा, कधी चौदा तास. वरून लावायचं काय, तर मीठ आणि भरड मिरी. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असणाऱ्या माणसाला हे ऐकून त्या शेफची कीव येते, पण शेफला कीव नको असते, झोप हवी असते. कारण मांसाच्या आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नीट चढतं आणि तिथे अडून बसतं. बाहेर येणारं पाणी वाफ होऊन जाताना मांसाला गार ठेवतं, त्यामुळे खाली लाकूड जळत असूनही काटा तासन्‌तास हलत नाही. नवशिके इथे घाबरून आच वाढवतात आणि मांस वाया घालवतात. मुरलेले लोक ते कागदात गुंडाळतात किंवा नुसते बसून राहतात. पुढे पंचाण्णव अंशांच्या आसपास चिवट कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मग तुकडा उतरवायचा, आणि तोही लगेच कापायचा नाही. त्याने दोन-चार तास विसावा घ्यायचा असतो. एवढ्या कष्टांनंतर ती गरज कोणालाही पटेल.

आता उलटी गणती करा. दुकान अकराला उघडतं. मांस सकाळी विसावा घेत असतं, म्हणजे ते चढलं काल. आज किती गिऱ्हाईक येणार याचा अंदाजही कालच बांधलेला. दुपारी एकला पन्नास माणसं जास्त आली म्हणून मालक आणखी एक ब्रिस्केट लावू शकत नाही. लावलं तर ते मध्यरात्रीनंतर होईल. माल ठरलेला, वेळ ठरलेली, आणि दाराशी ‘सोल्ड आउट’ची पाटी. ही पाटी पाहून आपल्याला दुकानदाराचा माज दिसतो. खरं तर ती त्याच्या प्रामाणिकपणाची पावती असते. ज्या बार्बेक्यूच्या दुकानात रात्री नऊलाही सगळे पदार्थ हजर असतात आणि एकही संपत नाही, तिथे यंत्राने, गॅसवर किंवा कालच्या मालावर काहीतरी चाललेलं असण्याचा संभव मोठा. जाणकार दुकानामागचा लाकडाचा ढीग बघायला सांगतात. सल्ला बरा आहे, पण ढीग शोभेचाही असतो. ओंडक्यांवर कोळ्याची जाळी असतील तर आत गॅस आहे असं समजायला हरकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढं कशाला, रांग बघा की! जिथे रांग, तिथे चव. फ्रँकलिनच्या दाराशी माणसं सकाळी घडीच्या खुर्च्या आणि गार डबे घेऊन बसतात. दुकान उघडतं अकराला. ॲरन फ्रँकलिनने २००९ मध्ये एका ट्रेलरमधून धंदा सुरू केला आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. या क्षेत्रातल्या माणसाला शेफ म्हणून असा मान त्याआधी क्वचितच मिळालेला. तिथे कोणालाही रांग मोडू देत नाहीत. अपवाद बराक ओबामांचा. जुलै २०१४ मध्ये ते थेट पुढे गेले आणि भरपाई म्हणून मागच्या लोकांचं बिल भरलं. रांग मोडायची तर अशी मोडावी, पण त्यासाठी आधी निवडून यावं लागतं. चव वाईट असती तर एवढी माणसं उन्हात बसली नसती, हे खरंच. पण तीन तासांच्या आणि अर्ध्या तासाच्या रांगेतला फरक चवीतून येत नाही. तो मालाच्या मोजमापातून आणि प्रसिद्धीतून येतो. शिवाय रांगेचा खाणाऱ्यावर परिणाम होतो. चार तास उभं राहिलेला माणूस त्या मांसाला वाईट म्हणूच शकत नाही. तसं म्हटलं तर ते चार तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? म्हणून रांगेतल्या माणसाची साक्ष ग्राह्य धरू नये. मंगळवारी पावसात अकराला पोचून वीस मिनिटांत ताट घेतलेल्याची धरावी.

दुसरा आक्षेप परंपरावाल्यांचा. ते म्हणतात, वेळ वगैरे ठीक, पण मूळ ठिकाणी जाऊन खाण्यात वेगळंच काही आहे. मूळ ठिकाण म्हणजे ऑस्टिनपासून पन्नासेक किलोमीटरवरचं लॉकहार्ट. विधिमंडळाने त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून रीतसर मान दिलेला आहे. मूळ कशातून निघालं ते मात्र यांनी नीट पाहिलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकात तिकडे आलेल्या जर्मन आणि चेक खाटिकांनी मांसाची दुकानं काढली. बर्फपेट्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत न विकलेलं मांस उद्या नासणार, म्हणून ते धुरावर धरायचं आणि त्याच वेष्टनाच्या कागदावर विकायचं. कापसाच्या वेचणीला आलेले मजूर ते दुकानामागे उभ्याउभ्या, बिस्किटांबरोबर खात. म्हणजे या खाद्यसंस्कृतीची आईच मुळी मुदत आहे. (खाटिकांची गोष्टही अर्धीच. गुलामीच्या काळापासून खड्ड्यावर मांस भाजणाऱ्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांचा हात या कलेत आहे, आणि कौतुकाच्या लेखांत तो फार उशिरा दिसू लागला.) शिवाय ज्या ब्रिस्केटसाठी परंपरेची शपथ घेतात, ते दुकानांचा मुख्य पदार्थ झालं ते साधारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांस खोक्यांतून हवं तेवढं, हवा तो भाग मागवता येऊ लागलं तेव्हा. त्याआधी खाटकाकडे जे उरे ते गिऱ्हाईक खाई.

आणि मूळ जागेचं म्हणाल, तर लॉकहार्टमध्ये तिची वाटणी झालेली आहे. क्राइट्स मार्केट १९०० चं. १९४८ मध्ये ते एडगर श्मिट यांनी घेतलं. १९८४ मध्ये त्यांनी धंदा मुलांना दिला आणि १९९० मध्ये वारले तेव्हा इमारत ठेवली मुलीच्या नावावर. पुढे काय झालं असेल ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या वकिलाला कथा न वाचता सांगता येईल. भाड्यावरून बहीण-भावांचं जमेना. १९९९ मध्ये भावाने गावातच थोड्या अंतरावर धान्याच्या गोदामाएवढं नवं दुकान बांधलं आणि जुन्या भट्टीतले धगधगते निखारे टबात घालून, रस्त्यावरून वाजतगाजत तिकडे नेले. बहिणीने जुन्या इमारतीत वडिलांच्या टोपणनावाने ‘स्मिटीज’ सुरू केलं. आता सांगा, मूळ ठिकाण कोणतं? नाव आणि निखारे भावाकडे, भिंती आणि भट्ट्या बहिणीकडे. ‘कुठे’ या प्रश्नाचा भक्त त्या दोन दुकानांच्या मधल्या रस्त्यावर उपाशी उभा राहील. स्मिटीजमध्ये आत शिरताना भट्टीच्या तोंडाशी उघड्या जमिनीवर लाकडं जळत असतात आणि गिऱ्हाईक त्या जाळाशेजारून रांगेने सरकतं. गरम राखेचा वास कपड्यांना चिकटतो, भिंती धुराने काळ्याकुट्ट. जुन्या काळी इथल्या मेजांवर सुऱ्या बँकेतल्या पेनासारख्या साखळीने बांधलेल्या असत. काटे नव्हते, सॉस नव्हता. भावाच्या दुकानात हे व्रत बरीच वर्षं पाळलं गेलं, पण हल्ली तिथेही सॉस मिळू लागला आहे. दोन्हीकडे सकाळी अकराला गेलात तर उत्तम जेवाल आणि दिवस कलल्यावर गेलात तर बहीण बरोबर की भाऊ, याचा निकाल दोघांच्याही विरुद्ध द्याल.

वेळेचा हा हिशेब शेवटाला नेणारं दुकान म्हणजे लेक्सिंग्टनचं स्नोज. जेमतेम बाराशे वस्तीचं गाव. दुकान आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी, सकाळी आठला उघडतं. २००३ मध्ये सुरू झालं, २००८ मध्ये ‘टेक्सास मंथली’ने पहिला क्रमांक दिला, २०१७ मध्ये पुन्हा दिला. १९३५ सालच्या जन्माच्या टूट्सी टॉमानेट्झ मध्यरात्रीनंतर येऊन भट्ट्या सांभाळत, आणि आठवड्याचे इतर दिवस शाळेच्या देखभालीचं काम करत. मासिकाच्या पहिल्या क्रमांकाने ना दुकान शुक्रवारी उघडलं, ना त्यांनी लगेच शाळा सोडली. इथे मराठी पाहुण्यापुढे जो पेच उभा राहतो, त्याचा विचार त्या संपादकांनी केलेला नाही. शनिवार मारुतीचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, मंगळवार घरोघरी वेगळा, मधूनच एखादी संकष्टी. टेक्सासमधली बरीच बार्बेक्यूची दुकानं सोमवारी बंद असतात, तेवढ्यापुरतं महादेव आणि फ्रँकलिन यांचं एकमत आहे. पण जगातलं एक सर्वोत्तम दुकान नेमकं मारुतीच्या दिवशीच उघडावं, हा योगायोग शनीच्याच खात्यातला वाटतो. काही जण भारतीय प्रमाणवेळेची पळवाट काढू पाहतात. तीही तपासून घेऊ. उन्हाळ्यात तिथे सकाळचे आठ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा, शनिवारचेच. हिवाळ्यात मात्र साडेसात होतात. सूर्य मावळलेला असतो आणि घरचे शनिवार सोडायला बसलेले असतात. धर्मशास्त्राचा आधार कितपत लागेल ते सांगता येत नाही, पण नोव्हेंबर ते मार्च हा काळ स्नोजसाठी त्यातल्या त्यात बरा. श्रावणाची बाब सोपी आहे. तो बहुधा ऑगस्टमध्ये येतो. त्या महिन्यात मध्य टेक्सासचा पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि तीन तास उन्हात न उभं राहण्यासाठी माणसाला काहीतरी धार्मिक कारण लागतंच.

सर्वांत मोठा आक्षेप अजून यायचा आहे : हे सगळं गोमांसाबद्दल चाललंय, आणि आमच्याकडे ते चालत नाही. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. बाकीच्यांसाठी वेळेचं सूत्र उलट जास्त लागू पडतं. टर्कीच्या छातीला ब्रिस्केटपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. ती पहाटे लावतात आणि दुकान उघडायच्या सुमाराला उतरवतात. म्हणजे अकरा वाजता दुकानात खरा ताजा पदार्थ तोच. डुकराच्या बरगड्या पाच-सहा तासांच्या. स्नोजमध्ये तर ब्रिस्केटइतकंच नाव आहे ते डुकराच्या खांद्याच्या स्टेकचं आणि कोंबडीचं, जे तिथे थेट निखाऱ्यांवर भाजतात. तेव्हा गोमांस न खाणाऱ्याला दुसऱ्या पंगतीला बसवलंय असं मानायचं कारण नाही. मात्र फळी तीच, सुरी तीच, कापणाऱ्याचे हातमोजेही बहुधा तेच. ज्यांना हे खपत नाही त्यांनी खपवून घेऊ नये. सॉसेजमध्ये गोमांस असतंच असं धरून विचारावं. शुद्ध शाकाहाऱ्याची अवस्था मात्र खरोखर बिकट. घेवड्याच्या उसळीसारख्या दिसणाऱ्या पिंटो बीन्समध्येही अनेकदा मांसाचे तुकडे असतात. उरतं ते पांढऱ्या पावाच्या चकत्या, कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी, बटाट्याचं सॅलड. कांदा-पाव खायला एवढ्या लांब आलो का, असा प्रश्न त्याने विचारू नये. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, तो ज्यांच्या गाडीतून आला ते लोक शेजारीच जेवत असतात.

जाणकार वाचक एव्हाना अस्वस्थ झाला असेल. तो म्हणेल, हे जुनं झालं. आता गरम कपाटं आली आहेत, ब्रिस्केट साठ-पासष्ट अंशांवर रात्रभर ठेवतात आणि ते बिघडत नाही, उलट सुधारतं. मुद्दा खरा आहे आणि त्याने माझं अर्धं म्हणणं खिळखिळं होतं. ऑस्टिनमध्ये आता रात्रीही चांगलं ब्रिस्केट देणारी दुकानं आहेत. पण ते फक्त ब्रिस्केट. बरगड्या त्या कपाटात मऊ पडतात, टर्की सुकते. शिवाय कपाटाने एक घड्याळ थांबवलं तरी दुसरं थांबत नाही. ते सुरू होतं सुरी चालते तेव्हा. ब्रिस्केट अखंड असतं तोवर आतला रस आत राहतो. पेन्सिलीएवढी जाड चकती कापली की ती हवेत सुकायला लागते, कडेची चरबी चमक सोडते, आणि दहा-पंधरा मिनिटांत ज्याच्यासाठी चौदा तास लाकूड जाळलं ते गेलेलं असतं. म्हणून कापणाऱ्याच्या समोर उभं राहावं, चरबीच्या बाजूचं मागावं, त्याने चाखायला टोकाचा काळा तुकडा पुढे केला तर फोटो काढत बसू नये. पौंडाला तीस डॉलरच्या वर मोजायचे तर माणशी अर्ध्या पौंडाहून जास्त घेऊ नये. तेवढंच संपतं. आणि पार्सल, हा आपला राष्ट्रीय दुर्गुण, इथे सोडावा. ‘थोडं इथे खाऊ, थोडं घरी नेऊ, रात्री पोळीबरोबर होईल’ या वाक्याने टेक्सासमध्ये जेवढं मांस मारलं गेलं असेल तेवढं खाटिकांनीही मारलं नसेल. फॉइलमध्ये गुंडाळून गाडीत ठेवलेलं ब्रिस्केट रात्री मायक्रोवेव्हमधून निघतं, तेव्हा त्याच्यावर फोडणी घालण्याचा मोह होतो. बऱ्याच घरांत तो आवरतही नाही. खरं सांगायचं तर त्या अवस्थेत फोडणीने त्याचं भलंच होतं.

उरला तो व्यवहारी माणूस. चार दिवसांचा मुक्काम, मुलाला शनिवार-रविवारचीच सुट्टी, नातवंडाची आंघोळ, सुनेचं आवरणं, निघेपर्यंत बारा वाजलेले. त्याला मुहूर्त वगैरे ऐकवणं क्रूरपणाचं आहे. त्याने ब्रिस्केटचा नाद सोडून सॉसेजची दुकानं गाठावीत. सॉसेज थोड्या वेळात होतं, दिवसभर पुन्हापुन्हा लावता येतं, आणि दोन तास इकडेतिकडे झाले तरी कावत नाही. ऑस्टिनच्या पूर्वेला एल्गिनमध्ये साउथसाइड मार्केट १८८२ पासून चालू आहे. लॉकहार्टच्या दक्षिणेला लुलिंगचं सिटी मार्केट. तिथे मागच्या धुराच्या खोलीत जाऊन मांस घ्यायचं, पैसे तिथेच द्यायचे, आणि पेय व कांदा बाहेरच्या काउंटरवर वेगळा घ्यायचा. तीन वाजता पोचलेल्यालाही सॉसेजचं टरटरीत आवरण दाताखाली फुटून रस मनगटापर्यंत ओघळतो. फक्त जाताना पांढरा शर्ट घालू नये, आणि गोमांसाचं आधी विचारून घ्यावं.